‘सीरियस पॉसिबिलिटी’ म्हणजे शंभरात किती? १९५१ सालच्या एका वाक्याचं प्रकरण

अहवालाचा क्रमांक एनआयई (नॅशनल इंटेलिजन्स एस्टिमेट, म्हणजे अमेरिकी सरकारसाठी गुप्तवार्तेच्या आधारे केलेला अंदाज) २९-५१, तारीख २० मार्च १९५१. तो तयार झाला सीआयएच्या नॅशनल एस्टिमेट्स कार्यालयात, आणि त्याचा विषय शीर्षकातच होता: १९५१ सालात युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची संभाव्यता. सगळी माहिती मांडून झाल्यावर निष्कर्षात एक वाक्य आलं. त्याचा मराठीत आशय असा: क्रेमलिन कोणता मार्ग धरील हे ठरवणं अशक्य असलं, तरी सोव्हिएत संघाच्या अंकित राष्ट्रांनी लष्करी आणि प्रचाराच्या आघाडीवर चालवलेली तयारी पाहता, १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ समजली जावी, असं आमचं मत आहे.

काही दिवसांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजन विभागाचे प्रमुख आणि नॅशनल एस्टिमेट्सचे शर्मन केंट यांचं बोलणं झालं. बोलता बोलता प्रमुखांनी विचारलं, तुम्ही लोकांनी ते ‘सीरियस पॉसिबिलिटी’ लिहिलंय, त्यातून तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं? केंट म्हणाले, माझं स्वतःचं मत जरा काळजीच्या बाजूला झुकतं. हल्ला होईल याच्या बाजूने ६५, होणार नाही याच्या बाजूने ३५. समोरचे गृहस्थ दचकले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दोन शब्दांवरून बराच खालचा आकडा मनात धरला होता.

इथवर हा वाचणाऱ्याचा गैरसमज म्हणून सोडून देता आला असता. पण केंट अस्वस्थ होऊन कार्यालयात परतले आणि ज्यांनी हा मसुदा मिळून पक्का केला होता त्या मंडळाच्या सदस्यांना त्यांनी एकेक करून विचारलं, की हे शब्द मान्य करताना तुमच्या मनात आकडा कोणता होता? उत्तरं आली ती अशी: एका टोकाला कुणी हल्ल्याच्या बाजूने २० आणि विरुद्ध ८० धरले होते, दुसऱ्या टोकाला कुणी ८० विरुद्ध २०. बाकीचे मधे कुठे कुठे विखुरलेले. म्हणजे एका टेबलाभोवती बसून, एकाच वाक्यावर माना डोलावून, ही माणसं एकमेकांच्या अगदी विरुद्ध गोष्टी सांगत होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

हा किस्सा केंट यांनी स्वतःच १९६४ साली सीआयएच्या अंतर्गत नियतकालिकातल्या एका लेखात लिहून ठेवला, म्हणून आपल्याला तो माहीत आहे. गुप्तवार्तेच्या अभ्यासात तो आता पाठ्यपुस्तकी झाला आहे. मी तो इथे घेतोय तो इंग्रजीत ‘पॉसिबल’, ‘प्रॉबेबल’, ‘लाइकली’, ‘मे’, ‘कुड’ यांतला शब्द निवडताना नेमकं काय पणाला लागतं हे त्यात उघडं पडतं म्हणून. हे शब्द शब्दकोशात शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे कोणताही उचलला तरी चालेल असं वाटतं. चालतही, जोवर त्या शब्दावर कुणाला काही ठरवायचं नसतं.

त्या वेळी काय पेटलेलं होतं

जून १९४८ मध्ये स्टालिनने टिटोच्या युगोस्लाव्हियाला कॉमिनफॉर्ममधून, म्हणजे मॉस्कोच्या नेतृत्वाखालच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून, बाहेर काढलं. पुढची दोन-तीन वर्षं हंगेरी, रुमानिया आणि बल्गेरिया या सोव्हिएत गोटातल्या शेजाऱ्यांनी सैन्य वाढवत नेलं. १९४७ च्या शांतता करारांनी घालून दिलेली मर्यादा त्यांनी केव्हाच ओलांडली होती. सीमेवर चकमकी होत होत्या, रेडिओवरून टिटोला रोज शिव्याशाप चालले होते. अशा तयारीचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. ही धमकी असू शकते, नुसता दबाव असू शकतो, किंवा खरोखरच्या हल्ल्याआधीची जमवाजमवही असू शकते.

त्यात कोरिया. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने हल्ला केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चीन लाखो सैनिकांनिशी उतरला. दोन्ही वेळा वॉशिंग्टन गाफील सापडलं. ऑक्टोबर १९५० मध्ये सीआयएचे प्रमुख झालेले जनरल वॉल्टर बेडेल स्मिथ यांनी लगेच जी डागडुजी केली, त्यातूनच नॅशनल एस्टिमेट्सचं हे नवं कार्यालय उभं राहिलं. प्रमुख हार्वर्डचे इतिहासकार विल्यम लँगर, त्यांचे उपप्रमुख येलचे इतिहासकार केंट. १९५२ मध्ये लँगर यांची जागा केंट यांनी घेतली आणि १९६७ पर्यंत सांभाळली. मंडळात प्राध्यापक, निवृत्त सेनाधिकारी, वकील असे लोक होते. शब्दांशी खेळण्यात कुणी कच्चं नव्हतं. उलट माझा अंदाज असा, की कच्चे असते तर हा घोळ झालाच नसता. भाषेवर हुकमत नसलेला माणूस ‘बहुतेक होईल’ किंवा ‘नाही होणार बहुतेक’ असं काहीतरी ठोक बोलून मोकळा होतो. ज्याच्या हाताशी दहा छटा असतात तोच अकरावी शोधतो, जिच्यात सगळ्यांना बसता येईल.

वाक्य उलगडून पाहू

त्या एका वाक्यात तीन गोष्टी एकदम घडतात.

पहिली, सुरुवातीलाच हात वर केलेले आहेत. क्रेमलिनने कोणता मार्ग धरणं ‘लाइकली’ आहे हे ठरवणं अशक्य आहे, असं वाक्याचा पूर्वार्ध म्हणतो. इथे ‘लाइकली’ हा शब्द आलाय, आणि तो नेमका नकारासाठी वापरलाय. आम्ही ‘लाइकली’ काय ते सांगू शकत नाही. ठीक. पण मग उत्तरार्धात जे येतं ते काय आहे?

उत्तरार्धात ‘पॉसिबिलिटी’ येते. ‘पॉसिबल’ आणि ‘प्रॉबेबल’ यांत फरक कमी-जास्तीचा आहे असं आपल्याला शाळेत शिकवलं जातं: पॉसिबल म्हणजे थोडी शक्यता, प्रॉबेबल म्हणजे जास्त. मला हे शिकवणं अपुरं वाटतं. हे दोन शब्द मुळात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘पॉसिबल’ सांगतो की वाट बंद नाही. गोष्ट घडू शकते, घडायला कशाची आडकाठी नाही. ‘प्रॉबेबल’ सांगतो की त्या वाटेने पाऊल पडेल असं आम्हाला वाटतं, निम्म्याहून जास्त वाटतं. ‘पॉसिबल’ला खालची मर्यादा नाही. हजारात एक असेल तरी पॉसिबलच, आणि शंभरात नव्वद असेल तरी ‘पॉसिबल’ म्हणणारा खोटा ठरत नाही.

केंट यांनी आपल्या लेखात याचं एक चांगलं उदाहरण दिलं आहे. हवाई छायाचित्रं पाहून माहिती देणारा तज्ज्ञ बोलतोय. आधी तो सांगतो: या जागी नवा विमानतळ आहे, सर्वांत लांब धावपट्टी १०,००० फूट. ही माहिती झाली, तिला शक्यतेचा शब्द लागत नाही. मग तो सांगतो: हा जवळजवळ नक्कीच लष्करी विमानतळ आहे. हा निष्कर्ष; ते कुणाला तरी नक्की माहीत आहे, फक्त आपल्याला नाही. तिसरं विधान: जमीन अशी आहे की धावपट्टी सहज वाढवता येईल आणि हे ठिकाण बॉम्बफेकी विमानांच्या टप्प्यांच्या साखळीत जोडता येईल, ते तसं करतील हे ‘पॉसिबल’ आहे. इथे थांबून केंट म्हणतात, की थोडं धाडस केलं असतं तर त्याला म्हणता आलं असतं: तसं करणं त्यांच्या दृष्टीने तर्काला धरून आहे आणि आज ना उद्या ते ‘प्रॉबेबली’ करतील. जमीन तीच, छायाचित्रं तीच. पहिल्या वाक्यात बोलणारा जमिनीबद्दल बोलतोय, दुसऱ्यात माणसांबद्दल. पहिल्यात तो कधीच चुकू शकत नाही. दुसऱ्यात चुकू शकतो, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याच्या उपयोगाचं आहे.

दुसरी गोष्ट ‘सीरियस’ या विशेषणाची. ‘पॉसिबिलिटी’ला मोजमाप नाही हे लिहिणाऱ्यालाही जाणवत असतं, म्हणून तो तिला विशेषण जोडतो: रिअल पॉसिबिलिटी, डिस्टिंक्ट पॉसिबिलिटी, स्ट्राँग पॉसिबिलिटी. पण ‘सीरियस’ हे विशेषण कशाला लागलं? हल्ला होण्याची शक्यता मोठी आहे म्हणून सीरियस, की हल्ला झाला तर परिणाम भयंकर होतील म्हणून सीरियस? डॉक्टर जेव्हा ‘सीरियस रिस्क’ म्हणतात तेव्हा धोका वारंवार होणारा आहे की क्वचित होणारा पण जिवावर बेतणारा, हे त्यावरून कळत नाही. तसंच इथे. २० टक्के धरणाऱ्या सदस्याने परिणाम पाहिला असेल (पाचात एकदा महायुद्धाची ठिणगी ही काही लहान बाब नव्हे) आणि ८० टक्के धरणाऱ्याने शक्यता पाहिली असेल. दोघांनाही ‘सीरियस’ शब्द प्रामाणिक वाटला असणार. हा माझा तर्क आहे. केंट यांनी सदस्यांची कारणं लिहिलेली नाहीत. पण २० आणि ८० यांच्यात इतकं अंतर पडायला याहून सोपं स्पष्टीकरण मला दिसत नाही.

तिसरी गोष्ट क्रियापदाची, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हल्ला ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे असं वाक्य म्हणत नाही. ती तशी ‘समजली जावी’ असं म्हणतं. समजायचं कुणी? वाचणाऱ्याने. म्हणजे ज्याने तुम्हाला तुमचं मत विचारलं त्यालाच तुम्ही काम परत केलं. सरकारी टिपण्यांतला ‘योग्य तो निर्णय घेण्यात यावा’ ज्यांनी वाचलाय त्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

या तिन्ही गोष्टी मिळून त्या वाक्याला जे जमलं ते असं: त्याने मतभेद मिटवला नाही, झाकला. आणि हे अपघाताने झालं असं मी मानत नाही. मंडळात मसुद्यावर घासाघीस होते तेव्हा टिकून राहतो तो शब्द सर्वांत अचूक असतो असं नाही. ज्याच्यावर कुणी अडून बसत नाही तो टिकतो. ‘प्रॉबेबल’ लिहिलं असतं तर २०वाला उठून उभा राहिला असता. ‘अनलाइकली’ लिहिलं असतं तर ८०वाला. ‘सीरियस पॉसिबिलिटी’वर कुणीच उठलं नाही.

केंट यांचा तक्ता

केंट यांनी वकील असलेले सहकारी मॅक्स फॉस्टर यांच्याबरोबर एक तक्ता केला. शंभर टक्के म्हणजे खात्री, शून्य म्हणजे अशक्य. मधल्या पट्ट्यात पाच पायऱ्या: ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे ९३ टक्के, ६ इकडे-तिकडे, ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५, १२ इकडे-तिकडे, ‘चान्सेस अबाउट ईव्हन’ म्हणजे ५०, १० इकडे-तिकडे, ‘प्रॉबेबली नॉट’ म्हणजे ३०, १० इकडे-तिकडे, आणि ‘ऑलमोस्ट सर्टनली नॉट’ म्हणजे ७, ५ इकडे-तिकडे. ‘पॉसिबल’ला या पायऱ्यांत जागा नाही. तो शब्द जिथे आकडा लावताच येत नाही अशा ठिकाणी वापरावा, आणि वापरला तर त्याला विशेषण चिकटवू नये, हा केंट यांचा आग्रह होता. ‘सीरियस पॉसिबिलिटी’ला थेट बंदी.

समानार्थी शब्दांना मात्र त्यांनी मुभा दिली: ‘प्रॉबेबल’ऐवजी ‘लाइकली’, ‘वी बिलीव्ह’, ‘वी एस्टिमेट’ चालेल. ‘प्रॉबेबली नॉट’च्या बाजूला ‘वी डाउट’ होतं. या शेवटच्या शब्दापाशी मराठी माणसाने जरा थांबायला हवं. आपण म्हणतो, ‘मला शंका आहे, त्यानेच पैसे घेतले असणार.’ यातली शंका होकाराकडे झुकलेली आहे. तिचं इंग्रजी घाईत ‘आय डाउट ही टुक द मनी’ झालं की अर्थ बरोबर उलटतो: त्याने घेतले असतील असं मला वाटत नाही. तिथे ‘सस्पेक्ट’ हवा. इंग्रजीत ‘डाउट’ पन्नासाच्या खाली उभा असतो, ‘सस्पेक्ट’ वर. कार्यालयीन ईमेलांत हा उलटा ‘डाउट’ इतका रुळलाय की परदेशातल्या सहकाऱ्यांशी लिहिताना काय काय गैरसमज झाले असतील, देव जाणे.

तक्त्याला विरोध झालाच. केंट यांनी विरोधकांना ‘कवी’ असं नाव ठेवलं आणि आपल्या बाजूला ‘गणिती’. कवींचं म्हणणं सरळ होतं: ही माणसांच्या मनसुब्यांची गोष्ट आहे, फाशांची नाही. ६५ म्हणजे ६४ का नाही? आकडा लिहिला की नसलेल्या अचूकतेचा आव येतो. एक सहकारी त्यांना म्हणाला, की अशाने सीआयए म्हणजे गावातलं सर्वांत मोठं सट्ट्याचं दुकान होईल. त्यावर केंट यांनी, कवी होण्यापेक्षा मी बुकी झालेलं पत्करीन, अशा अर्थाचं उत्तर दिल्याचं सांगतात. उत्तरात एक शिवीही होती.

कवींचा आक्षेप मला पोकळ वाटत नाही, पण तो जिथे बोट ठेवतो तिथे दुखणं नाही. आपल्याकडे महसूल खातं गावोगाव पिकांची पैसेवारी लावतं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. नजरेने लावलेली ४८ पैसे पैसेवारी ही तराजूत तोललेली गोष्ट नाही हे तलाठ्यालाही ठाऊक असतं आणि शेतकऱ्यालाही. पण ५० पैशांच्या खाली की वर यावर गावाला टंचाईच्या सवलती मिळणार की नाही हे ठरतं, म्हणून तिथे ‘पीक तसं चिंताजनक’ असं लिहून भागत नाही. आकड्याचा फायदा तो अचूक असण्यात नाही, त्याच्याशी भांडता येण्यात आहे. ४८ म्हटल्यावर कुणी येऊन म्हणू शकतो, कसले ४८, आमच्या शिवारात ३५ सुद्धा नाहीत. ‘चिंताजनक’शी कुणी कसं भांडणार?

तरीही कवी जिंकले. केंट यांचा तक्ता त्यांच्या हयातीत सक्तीचा कधीच झाला नाही.

‘फेअर चान्स’

याच आजाराचं दुसरं, जास्त महागात पडलेलं उदाहरण दहा वर्षांनी घडलं. १९६१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या तिन्ही दलांच्या प्रमुखांनी क्युबावर निर्वासितांची तुकडी उतरवण्याच्या योजनेचं मूल्यमापन केलं आणि यशाची ‘फेअर चान्स’ आहे असं अध्यक्ष केनेडींना कळवलं. मूल्यमापनाच्या कामात असलेले ब्रिगेडियर जनरल डेव्हिड ग्रे यांनी नंतर सांगितलं, की त्यांच्या मनात हिशोब ३० विरुद्ध ७० चा होता, म्हणजे फसण्याकडेच कल. कागदावर आकडा गेला नाही, शब्द गेला. इंग्रजीत शेऱ्यांच्या उतरंडीत ‘फेअर’ हा ‘गुड’च्या खाली बसतो, बेताचा, काठावरचा. पण वाक्यात एकटा भेटला की तो बराच प्रसन्न दिसतो. १७ एप्रिलला बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर सुमारे १,४०० माणसं उतरली, तीन दिवसांत मोहीम मोडली आणि ११०० हून अधिक पकडली गेली. सगळा दोष एका शब्दावर टाकणं अन्यायाचं होईल. मधल्या काळात उतरण्याची जागाच बदलली होती, विमानहल्ले कमी केले गेले होते. मात्र ‘दहापैकी सात वेळा हे फसेल’ असं वाक्य वाचून त्याच बैठकीत तेच प्रश्न विचारले गेले असते, असं मला वाटत नाही.

१९७० च्या दशकात नाटोच्या २३ अधिकाऱ्यांना अशी वाक्यं देऊन प्रत्येकी टक्के लिहायला सांगितलं होतं. सगळे रोज गुप्तवार्ता अहवाल वाचणारे. ‘बेटर दॅन ईव्हन’वर जवळपास एकमत झालं, कारण त्यात आकडा दडलेलाच आहे. ‘प्रॉबेबल’वर मात्र उत्तरं २५ पासून ९० च्या घरापर्यंत पसरली.

तक्ते आले, पण किती

इराकमधल्या न सापडलेल्या शस्त्रांच्या नामुष्कीनंतर अमेरिकी गुप्तवार्ता विभागांना शब्दांचा अर्थ लिहून देणं भाग पडलं. नोव्हेंबर २००७ च्या इराणच्या अणुकार्यक्रमावरच्या अहवालात ‘आम्ही असं म्हणतो तेव्हा काय म्हणतो’ हे सांगणारं पान जोडलेलं होतं. पुढे २०१५ च्या निर्देशात थेट टक्के आले: ‘लाइकली’ किंवा ‘प्रॉबेबल’ म्हणजे ५५ ते ८०, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ८० ते ९५. ब्रिटिश गुप्तवार्ता विभागांच्या पट्टीवर ‘रिअलिस्टिक पॉसिबिलिटी’ नावाची पायरी आहे आणि ती ४० ते ५० च्या दरम्यान. म्हणजे केंट यांनी हाकललेली विशेषणवाली पॉसिबिलिटी तिथे सन्मानाने परत आली, पण गळ्यात आकड्याची पाटी अडकवून. हवामानबदलाचा अभ्यास मांडणाऱ्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०.

आणि आपल्या भारतीय हवामान विभागाच्या बुलेटिनांत शेवटी जो खुलाशाचा तक्ता असतो त्यात ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ आणि त्यापुढे ‘मोस्ट लाइकली’. तोच शब्द. आयपीसीसीच्या पानावर तीनात दोनदा, हवामान विभागाच्या पानावर निम्म्याहून कमी. दोन्ही आपापल्या जागी नीट खुलासा करून वापरलेले आहेत. चूक कुणाचीच नाही. पण पुण्याच्या एखाद्या वृत्तसंपादकापुढे हे दोन्ही कागद एकाच दिवशी आले तर दोन्हीचं मराठी ‘शक्यता आहे’ असंच होणार. आपल्या वर्तमानपत्री मराठीत ‘मे’, ‘कुड’, ‘इज लाइकली टु’ आणि ‘इज एक्स्पेक्टेड टु’ ही चारही माणसं एकाच दारातून आत येतात. वास्तविक आपल्याकडे कदाचित, बहुधा, बहुतेक, दाट शक्यता, जवळजवळ नक्की अशी चांगली उतरंड आहे. ती न वापरता ‘शक्यता नाकारता येत नाही’पर्यंत आपण पोचलो, ज्याला ‘पॉसिबल’सारखाच तळ नाही.

तक्ता छापला म्हणून काम होतं असंही नाही. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ साली आयपीसीसीची वाक्यं लोकांना वाचायला दिली. तक्ता हाताशी असूनही वाचणारे ‘व्हेरी लाइकली’ला ९० पेक्षा बरंच खाली, मधल्या बाजूला ओढत होते. शब्दाला लागूनच, त्याच वाक्यात आकडा लिहिला तेव्हा समज सुधारली.

आकड्यांनीही सगळं सुटतं असा माझा दावा नाही. २०११ मध्ये अबोटाबादच्या त्या घरात बिन लादेन आहे का, यावर अध्यक्ष ओबामांपुढे आले ते आकडेच होते, आणि ते ४० पासून ९५ पर्यंत पसरलेले होते. ओबामा नंतर मुलाखतीत म्हणाले, की अखेर ते ५५-४५ चं प्रकरण होतं. पण १९५१ आणि २०११ मध्ये एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. इथे पसारा निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होता.

मग कोण बरोबर होतं?

१९५१ मध्ये हल्ला झाला नाही. नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि युगोस्लाव्हिया यांच्यात लष्करी मदतीचा करार झाला, मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला आणि प्रश्नच निवळला. हंगेरीचे जनरल बेला किराय यांनी १९५६ नंतर परदेशात आश्रय घेतल्यावर हल्ल्याची खरोखर तयारी होती असं लिहिलं. इतिहासकारांत त्याबद्दल एकमत नाही.

म्हणून २० टक्केवाला बरोबर आणि ८० टक्केवाला चूक, असा निकाल लावण्याचा मोह होतो. तो लावता येत नाही. ८० म्हणणाऱ्यानेही पाचातली एक वेळ न होण्यासाठी राखून ठेवली होती, आणि वर्ष एकच होतं. अशा माणसाची पारख करायची तर त्याचे असे शंभर अंदाज आकड्यांसह लिहून ठेवावे लागतात आणि ज्यांना त्याने ८० म्हटलं त्यांतले खरोखर किती घडले ते मोजावं लागतं. ‘सीरियस पॉसिबिलिटी’ असं शंभर वेळा लिहिणाऱ्याची पारख करता येत नाही. तो जन्मभर बरोबरच राहतो.

ते वाक्य कसं लिहायला हवं होतं, याचं माझं उत्तर असं. ‘पॉसिबिलिटी’ काढायची, कारण हल्ला शक्य आहे हे सीमेवरच्या रणगाड्यांनी आधीच सांगितलं होतं. परिणामाचं गांभीर्य हवं तर वेगळ्या वाक्यात सांगायचं. आणि मग: ‘१९५१ मध्ये हल्ला होईल का यावर आमच्यात एकमत नाही, अंदाज शंभरात २० पासून ८० पर्यंत आहेत, आणि मतभेद आहे तो अंकित राष्ट्रांच्या तयारीचा अर्थ काय लावायचा यावर.’ मधला आकडा काढून ५० लिहिला असता तर ते ‘सीरियस पॉसिबिलिटी’इतकंच फसवं झालं असतं. असं लिहायला त्या व्यवस्थेत अडचणही नव्हती. एनआयईत एखाद्या खात्याला निष्कर्ष मान्य नसेल तर तळटीप देऊन वेगळं मत नोंदवायची रीत तेव्हाही होती. मंडळातल्या सदस्यांनी तसं काही मागितलं नाही, कारण केंट दारोदार आकडा विचारत फिरले तोवर आपल्यात मतभेद आहे हे त्यांच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं.